भिंतीतली अमेरिका

"विजेनं मला ओळखायचं, मी विजेला नाही!" असं भगवंत बिऱ्हाडे दिवसातून दोनदा तरी म्हणायचे, आणि त्यात फार खोटं होतं असंही नाही. पलसाण्याच्या हायवेला साड्या रंगवणारी जी मिल होती, तिथं ते अठ्ठावीस वर्षं वायरमन होते. मोटर नुसती कण्हली, तरी तिचं कुठं दुखतंय ते यांना दारातून कळायचं. ते राहायचे सुरतच्या लिंबायतमध्ये. तिथं कुणाचा पंखा थांबला, कुणाचा मिक्सर रुसला, की लोक कंपनीच्या माणसाआधी भगवंतरावांना हाक मारायचे. त्यांच्या लग्नाचा फोटो आहे, त्यातसुद्धा नवरदेवाच्या खिशाला पेनाच्या जागी टेस्टर आहे! खोटं वाटत असेल तर जाऊन बघा, अजून भिंतीवर आहे तो.

आणि अशा या माणसाची बायको, रंभाबाई, घरातलं पंख्याचं बटण लाटण्यानं दाबायची.

तिचा आणि विजेचा उभा दावा. लहानपणी जामनेरजवळच्या त्यांच्या गावात वीज आली, त्या पहिल्याच आठवड्यात तिला ओल्या हातानं झटका बसला होता. तेव्हापासून बटण म्हणजे विंचू, हे तिनं ठरवून टाकलं होतं. भगवंतरावांनी तीस वर्षं समजावलं, रागावलं, चिडवलं. लाटणं काही सुटलं नाही.

तरी संसार बरा चालला होता. पण अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात धम्मरत्नचा फोन आला.

धम्मरत्न हा त्यांचा एकुलता एक मुलगा. कॉम्प्युटर शिकला आणि एका कंपनीनं उचलून थेट न्यू जर्सीला नेऊन ठेवला. घरी फोन नव्हता, म्हणून त्याचा फोन शेजारच्या सरलाबाईंकडे यायचा. त्यामुळे बिऱ्हाड्यांच्या घरातली बातमी बिऱ्हाड्यांच्या आधी सरलाबाईंना कळायची. त्या दिवशीही त्या ओरडतच आल्या, "रंभाबाई, पळ! तुले नातू होणार हाय!"

सून चैताली, तिला डॉक्टरांनी मार्चची तारीख दिली होती. तिची आई ती लहान असतानाच गेलेली. धम्मरत्न फोनवर म्हणाला, "आई, तुला यावंच लागेल. बाबांनाही घेऊन ये." रंभाबाईनं फोन धरूनच डोळे पुसले आणि "येते रे बाबा" म्हणून टाकलं. पुढं मुंबईला जाऊन व्हिसा झाला, तिकिटं आली, जानेवारीअखेरची तारीख ठरली. डिंक, खारीक, खोबरं, सगळं डब्यात बसलं.

आणि मग सरलाबाईंनी ती गोष्ट सांगितली.

सरलाबाईंच्या भाच्याची सासू अमेरिकेला जाऊन आली होती. तिची हकिगत त्यांनी ओट्यावर बसून, मजुरीनं आणलेल्या साड्यांचे सुटे धागे दोघी मिळून कापता कापता सुरू केली.

"तिथं चुलीले जाळ नसतो, रंभाबाई. नुसती काळी काच. गरम हाय का गार, काई समजत नाही. त्या बाईनं त्याच्यावर पोळपाट ठेवला. लाकडाचा."

"मंग?"

"मंग काय! पोळपाट पेटला. घरभर धूर. छतातून घंटा वाजाया लागली. खाली बंब आला. आणि बंबवाल्यानं त्या बाईले उचलून तीन जिने खाली नेली!"

"उचलून?" रंभाबाईची कात्री थांबली.

"उचलून! खांद्यावर! गव्हाच्या पोत्यावानी! नऊवारीत!"

रंभाबाई उठली, घरात गेली आणि डिंकाचा डबा पुन्हा फळीवर ठेवून आली. संध्याकाळी भगवंतराव मिलमधून आले तेव्हा चहाच्या आधी निकाल तयार होता.

"मले नाही जायाचं अमेरिकेले."

"का?"

"मी करंटाच्या चुलीवर रांधणार नाही, आन् परक्या माणसाच्या खांद्यावर बसणार नाही. तुम्ही जा. बाळंतपण तुम्ही करा."

भगवंतरावांनी बरंच समजावलं. ती ऐकेना. आता तुम्हीच सांगा, अठ्ठावीस वर्षं ज्यानं शंभर हॉर्सपॉवरच्या मोटरींना वठणीवर आणलं, त्याची बायको विजेला भिऊन नातवाचं तोंड बघायला जाणार नाही! गावात नाक कुठं ठेवायचं? आणि खरं म्हणजे नाकापेक्षा दुसरीच गोष्ट त्यांना टोचत होती. फोनवर चैतालीचा आवाज त्यांनी ऐकला होता. "बाबा, आईंना नक्की आणा हं," म्हणाली होती. बारीक, रडू दाबून ठेवलेला आवाज होता.

रात्रभर कूस बदलून भगवंतराव सकाळी उठले ते छाती पुढं काढूनच.

"रंभा, तू अमेरिकेला जायला घाबरतेस ना? मग मी अमेरिकाच इथं आणतो!"

"इथं कुठं?"

"ह्या भिंतीत!"

बेत असा होता. आपल्याकडची वीज दोनशे तीस व्होल्टची, अमेरिकेतली एकशे दहाची. भगवंतराव समजावून सांगायचे, "आपला करंट म्हणजे काळ्या मसाल्याचा रस्सा आणि त्यांचा म्हणजे दूधभात. आपली वस्तू तिथं लावली तर पेंगते. तिथली वस्तू इथं लावली तर पेटते!" तेव्हा घरातच दूधभात करायचा, म्हणजे एकशे दहाचा पॉइंट बसवायचा, त्यावर अमेरिकेतलीच शेगडी चालवायची आणि रंभाबाईकडून दोन महिने सराव करून घ्यायचा. विमानात बसेपर्यंत बाई पक्की अमेरिकन!

दोनशे तीसचे एकशे दहा करायला ट्रान्सफॉर्मर लागतो. तो मिलमध्ये होता. कापड ताणून सुकवायचं जे मोठं मशीन असतं, ज्याला स्टेंटर म्हणतात, त्यातल्या दोन नंबरच्या स्टेंटरचा ट्रान्सफॉर्मर दिवाळीच्या सुमाराला जळला होता. भगवंतरावांनीच तपासून मॅनेजर योगेंद्रभाईंना सांगितलं होतं, "साहेब, मेला हा. नवा मागवा." नवा आला. जुना भंगारात पडला होता. स्टोअरकीपर म्हणाला, "ले जाओ, कचरा है." भगवंतरावांनी तो शेजारच्या छगनच्या रिक्षात घालून घरी आणला. वजन इतकं, की लिंबायतच्या नाक्यावर छगनची रिक्षा पुढून उचलली गेली!

सहा संध्याकाळ ते त्या ट्रान्सफॉर्मरची तांब्याची तार उलगडून पुन्हा गुंडाळत बसले. जेवायला हाक मारली तरी, "थांब, दोनशे बारा... दोनशे तेरा..." सातव्या संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर गुणगुणायला लागला. मग धम्मरत्ननं नवसारीला येणाऱ्या एका मित्राबरोबर अमेरिकन शेगडी आणि चपट्या पिनांची चार सॉकेटं पाठवली. ती भगवंतरावांनी एका लाकडी फळीवर बसवली आणि त्या फळीच्या वायरीला आपला साधा तीन पिनांचा प्लग लावला. भिंतीवर शेजारी शेजारी दोन पॉइंट केले. दोन्ही आपल्याच गोल भोकांचे, जुळ्या भावांसारखे. लाल ऑइलपेंटनं वर नावं घातली. एकावर 'भारत', दुसऱ्यावर 'अमेरिका'. फळीचा प्लग 'अमेरिका'त घालायचा, एवढंच.

रंभाबाईनं लांबूनच विचारलं, "आन् चुकून शेजारच्यात घातला तर?"

"चुकेल कसा? नाव लिहिलंय ना! आणि घालणार कोण? मी वायरमन आहे का भजीवाला?"

एवढी सगळी यंत्रं चालणार म्हणून त्यांनी घराच्या फ्यूजमध्ये तारही चांगली जाडजूड घातली. हा फ्यूज आता जायचाच नाही, म्हणाले.

सराव सुरू झाला. पहिल्या दिवशी रंभाबाईनं चहाचं भांडं सांडशीत धरून, हात लांब करून, तोंड दाराकडे करून शेगडीवर ठेवलं. चहाला पस्तीस मिनिटं लागली! भगवंतराव घड्याळ बघत म्हणाले, "बघ, झाला की नाही!" रंभाबाई म्हणाली, "झाला. पन आता दुपार झाली."

हे सगळं घरातल्या घरात राहिलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण छगनच्या रिक्षात बसलेल्या माणसाला छगनचं ऐकावंच लागायचं.

सुरतमध्ये दर तिसऱ्या घरात एक मामा अमेरिकेत असतो. तो दर दोन वर्षांनी येतो आणि येताना एक यंत्र आणतो. ते यंत्र इथं चालत नाही. मामानं दिलेलं म्हणून टाकता येत नाही, आणि चालत नाही म्हणून वापरता येत नाही. मग ते खोक्यासकट कपाटावर चढतं. साऱ्या सुरतेच्या कपाटांवर अशी अमेरिका धूळ खात पडली होती. छगनच्या तोंडून बातमी फुटली, की लिंबायतमध्ये एका भिंतीत अमेरिकेचा करंट येतो. झालं! कपाटं रिकामी व्हायला लागली.

आधी कतारगामहून हिरे घासणारा एक माणूस आईचं पाय चेपायचं यंत्र घेऊन आला. मग कुणी टोस्टर आणला, कुणी कॉफीचं भांडं, कुणी भाजी चिरायची सुरी, जी आपोआप थरथरायची. एक आजोबा दाढीचं यंत्र घेऊन रोज सकाळी यायला लागले. "घरे फावतुं नथी," म्हणजे घरी जमत नाही, म्हणायचे. छगन तर स्टेशनसमोर उभा राहून ओरडायचा, "अमेरिका! एक सीट, अमेरिका!"

भगवंतराव दिवसभर मिलमध्ये. तेव्हा पाहुण्यांचं सगळं रंभाबाईकडे. आधी ती दारातूनच सांगायची. मग हळूहळू यंत्राजवळ यायला लागली. कोणतं किती तापतं, कोणतं किती वेळ चालवायचं, कुठून वास आला की थांबवायचं, हे तिला पोळीच्या वासासारखं कळायला लागलं. एक नियम मात्र तिनं पाळला. पिन ज्याची त्यानं घालायची. ती भिंतीला हात लावणार नाही.

"बघ, किती धीट झालीस," भगवंतराव म्हणायचे.

"धीट कसली! इथं तुम्ही हायेत, सरलाबाई हाय, छगन हाय. काई झालं तर आरडता तरी येतं. तिथं कोनाले आरडू?" आणि डिंकाचा डबा काही फळीवरून खाली येईना.

जानेवारी लागला. आणखी एक काम अडून होतं. भगवंतरावांचा तीन महिन्यांच्या रजेचा अर्ज मॅनेजर योगेंद्रभाईंच्या टेबलावर पडून होता. "जोईशुं, जोईशुं," म्हणजे बघू, बघू, असं ते महिनाभर म्हणत होते. मिलमध्ये लगीनसराईचं काम, त्यात वायरमन तीन महिने गायब म्हणजे अवघडच. पण एक दिवस साहेबांनी स्वतःहून बोलावलं.

"भगवंत, सुना है तेरे घर में अमेरिका है?"

योगेंद्रभाईंची बायको रंजनाबेन. तिचा भाऊ शिकागोला. त्यानं पाठवलेली तीन यंत्रं कपाटावर. आणि रविवारी संध्याकाळी रंजनाबेनच्या भाचीचं लग्न. अमेरिकेतल्या ड्रायरनं केस वाळवून, फुलवून लग्नाला जायचं, असं तिनं मनात घेतलं होतं.

भगवंतराव हवेत तरंगतच घरी आले. "रंभा, रजा झालीच समज! रविवारी साहेब स्वतः येतायत, जोडीनं!"

रंभाबाई ट्रान्सफॉर्मरकडे बघत म्हणाली, "आन् हा डबा? हा तर त्यांच्याच मिलचा ना?"

भगवंतरावांच्या चेहऱ्यावरचा दिवा अर्धा झाला. ट्रान्सफॉर्मरच्या पोटावर पिवळ्या रंगात चांगलं ठळक लिहिलेलं होतं, 'स्टेंटर २'. ते म्हणाले, "कापड टाक वर." रंभाबाईनं भरतकामाचा टेबलक्लॉथ टाकला. वर फुलदाणीही ठेवली.

रविवारी दुपारी चार वाजता पांढरी मारुती लिंबायतच्या गल्लीत शिरली, म्हणजे अडकली. शेवटची पंचवीस पावलं साहेब आणि रंजनाबेन चालत आले. मागून छगन तीन खोकी घेऊन. सरलाबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसलेल्या.

खोकी उघडली. एक ड्रायर. एक खुर्चीवर टाकायची गादी, जी पाठ चेपून देते. आणि तिसरं, मक्याच्या लाह्या फोडणारं यंत्र. तिन्हीच्या पिना फळीवर बसल्या, फळीचा प्लग 'अमेरिका'त. भगवंतरावांनी बटण दाबलं.

काय सांगू, सगळं कसं छान चाललं! ड्रायर मंद फुंकर घालत होता. रंजनाबेन आरशात बघून मान डोलवत होत्या. लाह्या एकेक करून वाडग्यात पडत होत्या, अगदी शहाण्या मुलांसारख्या. योगेंद्रभाई गादीवर डोळे मिटून बसले होते, आवाज थरथरत होता. "वा-आ-ह भगवं-अं-त! ता-आ-री रजा पा-आ-की!"

रजा पक्की! भगवंतरावांनी रंभाबाईकडे पाहिलं. आणि तेवढ्यात लाइट गेली.

गल्लीतले यंत्रमाग थांबले. लिंबायतमध्ये रात्रीसुद्धा मागांची खटखट कधी थांबत नाही. ती थांबली की लोक दचकून जागे होतात. पण भगवंतराव शांत. "काही नाही साहेब, पाच मिनिटं." लाइट परत येताना झटका नको, म्हणून त्यांनी फळीचा प्लग शहाणपणानं काढून ठेवला. तोवर ते पाहुण्यांना भारताचा करंट, अमेरिकेचा करंट, रस्सा आणि दूधभात समजावत भिंतीकडे पाठ करून मास्तरांसारखे उभे राहिले. छगन माना डोलवत होता. रंजनाबेनसुद्धा ऐकत होत्या. भगवंतरावांना असा वर्ग आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता.

पंखा फिरायला लागला. लाइट आली. माग पुन्हा खटखटले.

"लाओ भगवंत, चालू करो," साहेब म्हणाले.

आता सरळ वळायचं, नाव वाचायचं, प्लग घालायचा. पण वर्ग समोर बसलेला! भगवंतराव हसले. "साहेब, अठ्ठावीस वर्षं झाली. आता बघावं लागत नाही." आणि पाहुण्यांकडे तोंड ठेवूनच त्यांनी हात पाठीमागे नेला. 'अमेरिका' उजवीकडे आहे, हे त्यांना झोपेतही पाठ होतं. त्यांनी उजवीकडे चाचपलं, प्लग घातला, बटण दाबलं.

भिंतीकडे पाठ केली की उजवं डावं होतं, एवढंच काय ते राहून गेलं.

पहिला आवाज ड्रायरनं काढला. विमान उडावं तसा! रंजनाबेनचे केस आडवे झाले, समोरच्या कॅलेंडरची पानं फडफडत डिसेंबरपर्यंत गेली. लाह्यांच्या यंत्राचं झाकण उडालं आणि मका बंदुकीच्या गोळ्यांसारखा सुटला. एक सरलाबाईंच्या कपाळाला, एक छगनच्या उघड्या तोंडात! पण खरी कमाल गादीची. पाठ चेपणारी ती गादी पाठ कांडायला लागली. योगेंद्रभाई खुर्चीसकट उड्या मारत, "अ-अ-अ-अ" करत दारापर्यंत गेले, उंबऱ्याला अडले आणि तसेच उलटे परत यायला लागले.

"बंद कर! बंद कर!"

भगवंतराव मात्र खिळून उभे. ज्या माणसानं मोटरी वठणीवर आणल्या, त्याचे हात हलेनात! डोक्यात एकच प्रश्न, हे झालं कसं?

अशा वेळी रंभाबाई उठली. लाह्यांच्या माऱ्यातून वाकून आली, नवऱ्याला खांद्यानं बाजूला सारलं आणि उघड्या हातानं प्लग धरून भिंतीतून ओढून काढला.

त्याच क्षणी धडाम्! पण घरात नाही. घरातला फ्यूज जायचाच नव्हता, म्हणून बाहेर खांबावरचा गेला. पंखा थांबला. सारे माग पुन्हा थांबले. घरात धूर, जळक्या केसांचा वास, आणि जमिनीवर पांढरीशुभ्र लाह्यांची चादर.

"मारा वाळ! माझे केस!" असा रंजनाबेनचा हंबरडा. त्यांच्या केसांची उजवी बाजू होती तशी होती, आणि डावी नारळाच्या शेंडीसारखी उभी.

योगेंद्रभाई खुर्चीवरून घसरून दोन्ही हातांवर आले होते. त्यांच्या नाकासमोर ट्रान्सफॉर्मर. आणि त्यावरचा टेबलक्लॉथ ड्रायरच्या वाऱ्यानं कधीच उडून गेलेला. साहेबांनी पिवळी अक्षरं वाचली. पुन्हा वाचली.

"भगवंत, ये मेरा स्टेंटर दो का है?"

"हो साहेब."

"तूने तो बोला था मर गया!"

"मेला होता साहेब. मी... जिवंत केला."

"घर पे जिवंत कर सकता है, मिल में नहीं? मेरे को नया मँगवाया?" साहेब उभे राहिले. पाठ अजून थोडी थरथरत होती. "रजा कॅन्सल! कल से आने का भी जरूरत नहीं!"

बाहेर गल्लीत माग बंद पडलेले कारागीर जमायला लागले होते. "कोनी लाइट घालवली रे?" सरलाबाई कपाळ चोळत म्हणत होत्या, "मी तर आधीच सांगितलं होतं." काय सांगितलं होतं ते देव जाणे! भगवंतराव खाली मान घालून उभे. नोकरी, रजा, नाक, सगळं एका प्लगनं गेलं होतं.

रंभाबाईनं प्लग खाली ठेवला, पदर खोचला आणि आधी रंजनाबेनकडे गेली.

"रडू नका ताई. बसा इथं." तिनं खोबरेल घेतलं, कंगवा घेतला, साडीचे धागे कापायची बारीक कात्री घेतली. जळालेली टोकं मोजून मोजून काढली, तेलानं केस बसवले आणि मागं असा घट्ट, गोल अंबाडा घातला की डावी-उजवी दोन्ही त्यात गुडुप. ओट्यावरच्या कुंडीतला शेवंतीचा गेंद खोवला. रंजनाबेननी आरशात पाहिलं. रडणं थांबलं. मान थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे.

"सारुं लागे छे, नहीं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. बायको विचारते म्हटल्यावर साहेबांना 'हो' म्हणावंच लागलं.

मग रंभाबाई साहेबांपुढं उभी राहिली. मराठीतच बोलली, जसं येतं तसं.

"साहेब, डबा यांनी आणला. तुमाले इचारून नाही आणला, चुकलं. पन चोरून विकाया नाही आणला. सहा दिवस धड जेवले नाहीत, तार गुंडाळत बसले. कसाले? तर मी करंटाले भेते म्हणून. तिकडं माझी सून एकटी हाय, तिले आई नाही. डबा घेऊन जा. यांच्यावर काय वरडायचं ते वरडा. पन रजा नका कापू."

साहेबांना शब्द किती कळले कुणास ठाऊक, 'सून' आणि 'आई नाही' एवढे कळले असावेत. ते ट्रान्सफॉर्मरभोवती एक फेरी मारून आले. बोटानं ठोकून पाहिला. रंजनाबेन त्यांच्या कानाशी गुजरातीत काहीतरी पुटपुटल्या. साहेबांचा चेहरा बदलला. ते खाकरले.

"भगवंत, ये अभी भी चलता है?"

"एकदम साहेब! याला काही झालं नाही. चूक माझ्या... पाठीची होती."

"तो ऐसा कर. कल ये मेरे बंगले पे लगा दे. मिल परसों से आना. घर में और छह मशीन पडे हैं." आणि दाराशी जाऊन वळून म्हणाले, "अर्जी पे सही हो जाएगी. पर एक बात. लगाते टाइम मुँह दीवार की तरफ रखना!"

मारुती मागं मागं सरकत गल्लीबाहेर गेली. रंभाबाईनं परातीत लाह्या गोळा केल्या, मीठ-तिखट लावलं आणि बाहेर भांडायला जमलेल्या कारागिरांना मूठ मूठ वाटल्या. लाह्या चावत माणसाला भांडता येत नाही. भगवंतराव खांबाकडे बघायला गेले, छगनला वीज कंपनीत पिटाळलं. तासाभरानं माग पुन्हा खटखटायला लागले.

ते घरात आले तेव्हा रंभाबाई फळीवरून डिंकाचा डबा उतरवत होती.

"अगं, हे काय?"

"जायाचं ना? मंग बांधाया नको?"

"भीती गेली?"

ती क्षणभर आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. "अहो, एवढं सगळं फुटलं, उडालं, पेटलं. मी हातानं ओढलं. मी काई मेली नाही. आता ते अमेरिकावाले याच्याहून जास्ती काय करतील?"

आणि अशी बिऱ्हाडे जोडी जानेवारीअखेर न्यू जर्सीला पोचली. मुलगा, सून दोघंही विमानतळावर. चैताली सासूच्या गळ्यात पडली ती सोडेचना. दुसऱ्या दिवसापासून रंभाबाईनं काळ्या काचेची ती चूल अशी ताब्यात घेतली, जशी काही जन्मभर तिच्यावरच भाकरी थापली होती. पोळपाट मात्र तिच्यापासून चार हात लांब.

तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ. तिकडं हिवाळ्यात साडेचारलाच अंधारतं. धम्मरत्न ऑफिसात, चैताली आत जरा पडलेली. भगवंतराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर काळोख. भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं. बटण खाली. म्हणजे चालू. म्हणजे दिवा गेलेला!

इतक्या दिवसांनी हाताला काम! ते खूश झाले. स्टूल घेतलं, दिवा काढला, कानाशी हलवून पाहिला. आवाज नाही. दुसऱ्या खोलीतला चांगला दिवा आणून लावला. तोही पेटेना. "लाइनमध्ये फॉल्ट," भगवंतरावांनी निदान केलं. भिंतीवरची पट्टी खोलली. स्क्रू हरवू नयेत म्हणून तोंडात धरले. टेस्टर काढला. अर्धा तास झाला. घाम आला. अमेरिकेची वीज अशी काही गोम लपवून बसली होती, की अठ्ठावीस वर्षांच्या वायरमनला सापडेना.

हातात भाजीची टोपली घेऊन रंभाबाई आली. "इथं अंधारात काय करून राह्यले?" म्हणाली, आणि हात मोकळे नव्हते म्हणून जाता जाता बटणाला कोपरानं वर ढकललं.

लख्ख उजेड!

"तिथं खाली केलं की लागतो, इथं वर केलं की लागतो," ती कांदे काढत म्हणाली. "परवाच समजलं मले. तुमले कोनी सांगितलं नाही?"

भगवंतराव स्टुलावर तसेच उभे राहिले. तोंडात चार स्क्रू होते म्हणून बरं. नाहीतर काहीतरी बोलावं लागलं असतं!